उभ्या इंजिनाची निगा

इंजिनाचे वय ते किती तास चालले यावरून मोजण्याची रीत कारखानदार, मिस्त्री आणि ग्राहक या तिघांच्याही अंगवळणी पडली आहे. इतक्या तासांनी तेल बदलावे, इतक्या तासांनी फिल्टर बदलावा, इतक्या तासांनी नोझल तपासावे, असे कोष्टक प्रत्येक इंजिनाबरोबर येते आणि रोज आठ-दहा तास राबणाऱ्या ट्रॅक्टरला, ट्रकला किंवा बोअर मारणाऱ्या गाडीला ते नेमके लागू पडते. परंतु वर्षाकाठी वीस-पंचवीस तासच चालणारी आणि एरवी महिनोन्‌महिने उभी असणारी डिझेल इंजिनेही थोडी नाहीत. अडीचशे तासांनी तेल बदलण्याचा नियम अशा इंजिनाला अक्षरशः लावला, तर तेल बदलण्याची पाळी दहा वर्षांनी येईल. कोष्टकात ‘किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते’ अशी पुस्ती बहुधा जोडलेली असते. ती वाचली जात नाही आणि उभ्या इंजिनाची बरीचशी दुखणी या न वाचलेल्या पुस्तीपासून सुरू होतात. प्रस्तुत पुस्तक हे त्या एका पुस्तीचे सविस्तर भाष्य आहे. कमी चालणाऱ्या इंजिनाची निगा तासांच्या मीटरवर सोपवता येत नाही, ती दिनदर्शिकेवर राखावी लागते, आणि चालण्याने जितकी झीज होते तितकीच किंवा तिच्याहून अधिक हानी उभे राहण्याने आणि अर्धवट चालण्याने होते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

अशा इंजिनाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण शिडाच्या नौकेवर सापडते. तिला पुढे नेणारी शक्ती वाऱ्याची. तळाशी बसवलेले लहानसे डिझेल इंजिन बंदरातून बाहेर पडताना, धक्क्याला लागताना, वारा पडल्यावर आणि बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी, एवढ्यापुरतेच लागते. मराठी वाचकाला अशा नौकेचा परिचय ‘म्हादेई’मुळे झाला. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ही ५६ फुटी नौका २००९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने, मोजक्या बंदरांत थांबत, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता केली. या उपक्रमामागची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, आणि ते निवृत्तीनंतर राहत होते ते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी या गावी, म्हणजे समुद्रापासून दूर, अवर्षणग्रस्त माणदेशाच्या वेशीवर. न थांबता करायच्या अशा प्रवासात नौका पुढे ढकलण्यासाठी इंजिन वापरण्याची मुभा नसते; डिझेलचा उपयोग केवळ वीजनिर्मितीपुरता उरतो. पाच-पाच महिने टाकीत हिंदकळणारे ते डिझेल शेवटच्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकेच स्वच्छ जळले पाहिजे, कारण वाटेत मिस्त्री बोलावता येत नाही.

हे पुस्तक जेथे लिहिले त्या, समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक आत असलेल्या जुळे सोलापुरात या विषयाचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचे उत्तर तेथल्या इमारतींच्या तळमजल्यावर, जनरेटरच्या बंद पेटीत आहे. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान वाढत गेलेल्या या वसाहतीत सदनिकांच्या सोसायट्या, दवाखाने, शिकवण्यांचे वर्ग आणि मंगल कार्यालये उभी राहिली. महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते त्या काळात, म्हणजे २००५ नंतरच्या काही वर्षांत, राज्यभर जे जनरेटर बसवले गेले ते रोज कित्येक तास चालत. पुढे वीजपुरवठा सुधारला आणि तीच यंत्रे महिन्यातून जेमतेम तास-दोन तासांवर आली. यंत्र तेच राहिले, टाकी तीच राहिली, देखभालीचे कोष्टकही तेच राहिले. बदलला तो फक्त वापर, आणि त्या बदलाची दखल कोणी घेतली नाही. आज सोसायटीचा जनरेटर आणि धक्क्याला बांधून ठेवलेल्या नौकेचे इंजिन यांची प्रकृती एकच आहे, दुखणी एकच आहेत आणि उपायही बहुतांशी एकच आहेत.

डिझेल इंजिन सोलापूरला नवे नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात सुरू करणारे शंतनुराव किर्लोस्कर यांचा जन्म १९०३ मध्ये सोलापुरातच झाला, आणि त्यांच्या कंपनीचे पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला १,५०० फेरे घेणारे इंजिन दक्षिण महाराष्ट्रातल्या विहिरीविहिरींवर पोहोचले. त्या इंजिनाशी शेतकऱ्याचा संबंध प्रत्यक्ष हाताचा होता. हँडल मारताना दाब कमी आहे की पुरेसा, हे मनगटाला कळे. धुराच्या रंगावरून नोझलची स्थिती ओळखता येई. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली तर स्क्रू ढिला करून, हाताने पंप मारून ती काढण्याची क्रिया घरातल्या पोराटोरांनाही येत असे. आवाज रोखणाऱ्या पेटीत बंद केलेल्या, वीज जाताच आपोआप सुरू होणाऱ्या आजच्या जनरेटरने हा हाताचा संबंध तोडला. सोय मोठी झाली यात शंका नाही. पण इंजिन आजारी पडत असल्याची बातमी देणाऱ्या खुणा पाहणारे डोळे त्याच्याजवळून निघून गेले, आणि म्हणून जे ज्ञान पूर्वी अंगवळणी पडलेले होते ते आता लिहून ठेवावे लागत आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही, की डिझेल हा नाशवंत पदार्थ आहे. कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनात, म्हणजे तापवून वाफांचे थर वेगळे करण्याच्या प्रक्रियेत, साधारण १८० ते ३६० अंश सेल्सिअस या टप्प्यात मिळणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते. त्यातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात आणि प्रथम रंग गडद होतो, मग डिंकासारखा चिकट थर आणि शेवटी बारीक गाळ तयार होतो. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरात, त्यातही इंजिनाच्याच पेटीत बसवलेल्या टाकीत, उष्णतेला तोटा नसतो. तांबे, पितळ आणि जस्त हे धातू या क्रियेला चालना देतात. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची टाकी किंवा तांब्याची नळी स्वस्त आणि टिकाऊ वाटली तरी डिझेलसाठी अयोग्य ठरते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज सहा प्रतीच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत खाली आणले गेले. हवेच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण आणि टिकाऊपणा देणारे काही घटकही निघून जातात आणि त्यांची भरपाई कारखान्यात रसायने मिसळून करावी लागते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. वनस्पती तेलापासून बनलेले जैवडिझेल पाणी अधिक धरून ठेवते आणि लवकर बिघडते, हे लक्षात घेता साठवणुकीचा प्रश्न पुढे सोपा होण्याऐवजी अवघड होत जाणार आहे. सोलापूरजवळच्या पाकणीतल्या इंधन डेपोतून पंपावर आणि पंपावरून चार दिवसांत ट्रकमध्ये जाणाऱ्या डिझेलला यातले काहीच भोगावे लागत नाही. सहा महिने ते वर्षभर एका जागी पडून राहणाऱ्या डिझेलला सारे भोगावे लागते.

दुसरी गोष्ट पाणी. टाकी नेहमी काठोकाठ भरलेली ठेवावी, नाहीतर रिकाम्या भागातल्या हवेतला बाष्पांश रात्री थंड होऊन पाण्याच्या रूपाने डिझेलमध्ये उतरतो, हा सल्ला नौकांवर आणि जनरेटरच्या खोल्यांत सारख्याच निष्ठेने दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण त्याचे वजन तपासून पाहणे आवश्यक आहे. २०० लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल तर तीत १०० लिटर हवा असते. दिवसरात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक पडला तर त्यातली सुमारे पाच लिटर हवा आत-बाहेर होते. ३० अंशांना बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. म्हणजे रोज आत येणाऱ्या पाच लिटर हवेतून फार तर ग्रॅमचा सहावा-सातवा हिस्सा पाणी येणार, आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांतही हा हिशेब चौदा-पंधरा ग्रॅमच्या पुढे जात नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो याहूनही बराच कमी भरेल. याउलट २०० लिटर डिझेलमध्ये मुळातच दहा-पंधरा ग्रॅम पाणी विरघळलेले असू शकते, जे डिझेल थंड झाल्यावर सुटून तळाशी बसते. आणि भरण्याच्या तोंडाचे झाकण नीट बसत नसेल, त्याची रबरी कडी चिरलेली असेल, किंवा ओल्या कॅनमधून डिझेल ओतले जात असेल, तर एका पावसात किंवा एका खेपेत वर्षभराच्या बाष्पाहून जास्त पाणी आत जाते. नौकेवर भरण्याचे तोंड डेकवरच असते आणि हवा घेण्याची नळी बाहेरच्या बाजूला उघडते, त्यामुळे तेथे लाटांचे खारे पाणी शिरण्याचा धोका कायमचा असतो. निष्कर्ष असा की टाकी भरलेली ठेवण्यापेक्षा झाकण, कडी आणि हवेची नळी यांच्याकडे लक्ष देणे अधिक फलदायी आहे, आणि दोन्ही केले तरी तळाचे पाणी वेळोवेळी काढण्याला पर्याय नाही, कारण थेंबाथेंबाने उतरलेले पाणी आपण होऊन परत जात नाही.

भरलेल्या टाकीचा आग्रह सोसायटीच्या बाबतीत उलटाही पडू शकतो. वर्षाला पंचवीस तास आणि हलक्या भारावर तासाला चार-पाच लिटर, असा खप धरला तर वर्षात शंभर-सव्वाशे लिटर डिझेल जळते. २०० लिटरची टाकी काठोकाठ भरली, तर तिच्यातले डिझेल दीड-दोन वर्षे जुने होईपर्यंत पडून राहणार. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ज्या ‘ब’ वर्गात मोडते त्या वर्गाचे इंधन, एकही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर, एका जागी २,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. परंतु कायद्याने जेवढे ठेवता येते तेवढे ठेवणे शहाणपणाचे असतेच असे नाही. समुद्रावरच्या नौकेने टाकी भरलेली ठेवावी, कारण तेथे साठा हीच सुरक्षितता आहे. शहरातल्या सोसायटीने मात्र थोडे थोडे आणि ताजे भरावे. दवाखान्याची अडचण खरी आहे, त्याला अनेक तासांचा साठा ठेवावाच लागतो. तेथे साठवलेले डिझेल ठरावीक काळाने पंपाने फिरवून बारीक फिल्टरमधून गाळून परत टाकीत सोडण्याची व्यवस्था हाच योग्य मार्ग, आणि तिचा खर्च शस्त्रक्रिया चालू असताना बंद पडलेल्या जनरेटरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

पाणी साचले की त्यात जीव येतो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ ही बुरशी सर्वांत प्रसिद्ध आहे. ती पाण्यात राहते आणि डिझेलमधल्या हायड्रोकार्बनांवर जगते. तिच्याबरोबर जीवाणूही वाढतात, त्यांच्यापासून आम्ले तयार होतात, टाकीचा तळ आतून खाल्ला जातो आणि काळपट, बुळबुळीत गाळाचे पापुद्रे सुटू लागतात. नौका लाटांवर हेलकावू लागली की हा गाळ ढवळून निघतो आणि नेमक्या बिकट वेळी फिल्टर चोंदतो. जनरेटरच्या बाबतीत हेच टँकरने घाईघाईत नवे डिझेल ओतल्यावर घडते. बाजारात मिळणारी जंतुनाशक द्रव्ये बुरशी मारतात, हे खरे. पण मेलेल्या बुरशीचा लगदा टाकीतच राहतो आणि पुढचे चार फिल्टर तोच अडवतो. त्यामुळे आधी तळ साफ करावा, पाणी काढावे आणि मगच औषधाचा विचार करावा. पाणी नसलेल्या टाकीत बुरशी मुळात वाढतच नाही. तपासणी अगदी साधी आहे. टाकीच्या सर्वांत खालच्या तोटीतून पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल काढावे आणि काही वेळ स्थिर ठेवावे. चांगले डिझेल स्वच्छ आणि चकचकीत दिसते. धूसरपणा, तळाशी वेगळा थर किंवा मधोमध तरंगणारे काळे तुकडे दिसले, तर निदान झालेच. पेट्रोल पंपावर मोजपट्टीला लावतात ती पाणी दाखवणारी पेस्टही या कामी उत्तम चालते.

एवढी दक्षता का, याचे उत्तर इंजेक्शन पंपाच्या आत आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; सिलिंडरमध्ये हवा सोळा ते वीस पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत नोझलमधून बारीक फवाऱ्याच्या रूपाने सोडलेले डिझेल आपोआप पेट घेते. हा फवारा निर्माण करणाऱ्या पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातले अंतर दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट असते, आणि त्या फटीला वंगण म्हणून डिझेलशिवाय दुसरे काही मिळत नाही. तेथे पाण्याचा थेंब पोहोचून इंजिन महिनाभर उभे राहिले, तर गंज चढायला एवढी मुदत पुरते. म्हणूनच टाकीनंतर पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर आणि इंजिनावरचा अधिक बारीक दुसरा फिल्टर अशी दुहेरी योजना असते, आणि पहिल्याच्या तळाची तोटी उघडून पाणी काढणे हे वर्षाचे नव्हे, तर महिन्याचे काम आहे.

आता ज्या सवयीने सर्वांत जास्त इंजिने बिघडतात तिच्याकडे वळले पाहिजे. दर शनिवारी जनरेटर पाच मिनिटे सुरू करून, आवाज ऐकून, बंद करायचा, ही पद्धत सदिच्छेने पाळली जाते आणि ती घातक आहे. पाच मिनिटांत, तेही कोणताही भार न देता, इंजिन तापत नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेला भाग काजळी आणि चिकट द्रवाच्या रूपाने नोझलवर, झडपांवर आणि धुराच्या नळीत साचतो, आणि पुढे नळीच्या जोडांतून काळे ओघळ दिसू लागतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट दाबल्या जातात त्या ज्वलनाच्या दाबानेच. भार नसला की तो दाब कमी पडतो, रिंगांच्या मागून डिझेल खाली उतरून तेलात मिसळते आणि भिंतीवर तेल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम पाडलेली बारीक रेघांची जाळी जळक्या थराखाली बुजून जाते. एकदा भिंत अशी काचेसारखी गुळगुळीत झाली की इंजिन तेल खाऊ लागते आणि तो दोष बोअर पुन्हा घासल्याखेरीज जात नाही. शिवाय ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ थंड इंजिनात पुन्हा पाणी होऊन तेलाच्या टाकीत उतरते. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर आनंद मानण्याचे कारण नाही. ते तेलात उतरलेले डिझेल किंवा पाणी असते.

अमेरिकेतल्या आणीबाणीच्या वीजयंत्रणेसाठी असलेल्या मानकात महिन्यातून एकदा किमान तीस मिनिटे आणि क्षमतेच्या किमान तीस टक्के भारावर चालवण्याची अट आहे, ती याच कारणासाठी. जुळे सोलापुरातल्या एखाद्या सोसायटीत ६२.५ केव्हीएचा, म्हणजे सुमारे ५० किलोवॉटचा संच असेल, तर तीस टक्के भार म्हणजे १५ किलोवॉट. लिफ्टची मोटर सुरू होताना क्षणभर जो मोठा प्रवाह खेचते त्यासाठी संच मोठा घेतला जातो. पण एरवी त्याच्यावर जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि अधूनमधून हलणारी लिफ्ट एवढाच भार असतो, आणि जुन्या ट्यूबच्या जागी एलईडी दिवे आल्यापासून तोही घटला. अशा संचाची चाचणी टाकीत पाणी चढवण्याच्या वेळेला जोडून, पंप आणि लिफ्ट दोन्ही त्याच्यावर घेऊन, महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास करावी. तरीही भार पुरेसा होत नसेल, तर वर्षातून एकदा भाड्याने मिळणारा कृत्रिम भार लावून इंजिन चांगले तापवावे. नौकेवरही नेमका हाच रोग आहे. नांगर टाकून, गिअर न लावता, केवळ बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी तासन्‌तास चालवलेले इंजिन आपल्या शक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा वापरते. त्यापेक्षा बंदरात शिरताना ते वाजवी वेगाने वीस-पंचवीस मिनिटे अधिक चालवणे किंवा धक्क्याला भक्कम दोर बांधून गिअरमध्ये चालवणे हिताचे.

तेलाबद्दल एकच सूत्र येथे सांगणे पुरेसे आहे: वर्षातून एकदा, तास कितीही झालेले असोत, आणि नौका किंवा यंत्र दीर्घकाळ उभे करायचे असेल तर उभे करण्याच्या आधी. आम्ल आणि पाणी मिसळलेले जुने तेल महिनोन्‌महिने बेअरिंगांवर ठेवून सुरू करतेवेळी ते बदलण्यात अर्थ उरत नाही.

थंड ठेवण्याच्या यंत्रणेत मात्र समुद्र आणि सोलापूर यांच्या वाटा वेगळ्या होतात. नौकेचे इंजिन समुद्राचे पाणी ओढते. ते ओढणाऱ्या पंपातली रबरी चकती न चालल्यामुळे एकाच आकारात वाकून राहते आणि चिरते, इंजिनाऐवजी गंज स्वतःवर घेण्यासाठी बसवलेले जस्ताचे तुकडे झिजतात, आणि धूर व पाणी जेथे एकत्र होतात तो बाक काजळी आणि मीठ यांनी आतून अरुंद होत जातो. इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर वारंवार मारत राहिले, तर आलेले पाणी धुराच्या दाबाअभावी बाहेर पडत नाही आणि उलट सिलिंडरमध्ये शिरते. म्हणून अशा वेळी समुद्राकडचा कॉक आधी बंद करण्याचा नियम आहे. सोलापुरात संकट वेगळे: रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतले जाते, त्याचा क्षार जाळ्यांत बसतो, आणि वर्षभर हलक्या भारावर निभावलेले इंजिन एखाद्या मे महिन्यातल्या दीर्घ खंडितीत पूर्ण भार येताच तापून बंद पडते.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या निकषांनी जनरेटरच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या, त्यामुळे नव्या संचांत उच्च दाबाची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धती आणि अनेक क्षमतांत धूर शुद्ध करणारी उपकरणे आली. ही उपकरणे धूर पुरेसा गरम असेल तरच काम करतात. म्हणजे हलक्या भाराचा दोष जो पूर्वी दोन-चार वर्षांत दिसे तो आता लवकर आणि अधिक खर्चाने दिसेल. त्यांत लागणारे युरियाचे द्रावणही नाशवंत आहे: साठवणुकीचे तापमान ३० अंशांच्या आत राहिले तर ते वर्षभर टिकते, ३५ अंशांपर्यंत गेले तर त्याची मुदत निम्म्यावर येते, आणि सोलापूरचा उन्हाळा याहून कडक असतो.

या सर्व कामांना मोठे कौशल्य लागत नाही, सातत्य लागते, आणि सातत्य राखण्याचे साधन म्हणून नौकेवर जशी नोंदवही असते तशी ती प्रत्येक जनरेटरपाशी असावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. तारीख, चाललेली मिनिटे, भाराचे अँपिअर, पाण्याचे तापमान, पट्टीवरची तेलाची पातळी, फिल्टरच्या तळातून निघालेले पाणी, बॅटरीचा व्होल्टेज आणि टाकीत शेवटचे डिझेल कोणत्या दिवशी भरले, एवढे रकाने पुरेत. ते भरण्याचे काम रखवालदाराकडे असेल तर प्रत्येक रकान्याचा अर्थ त्याला नीट समजावून सांगितला पाहिजे, आणि नोंदींचा मेळ बसत नसल्याचे त्याने सांगितले की सचिवांनी त्याच आठवड्यात मिस्त्रीला बोलावले पाहिजे. पुस्तकाच्या शेवटी दिलेला नोंदवहीचा नमुना त्यासाठीच आहे. तो फाडून, छायाप्रती काढून, पेटीच्या दारामागे टांगता येईल अशा आकारात छापला आहे.

जुळे सोलापूर